खाकरल्यावर बसणारी मांजर

शहात्तर सालच्या आषाढात मी बायकोला, पंचफुलाला, आणायला एकोडीला गेलो आणि सतरा दिवस सासऱ्याच्या घरी अडकून पडलो. जेलात निदान सुटकेची तारीख तरी सांगतात.

इकडे आंधळगावात माझा बाप एकटा. रोवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, टाकलेले पऱ्हे पंधरा दिवसांचे झाले होते. धानाचं रोप महिन्याच्या वर जागेवर राहिलं की गाठ धरतं, मग लावलं तरी फुटवा येत नाही. मी आणि पंचफुला, दोघंही शेतात हवे होतो. पण सासरे पुंडलिकराव पक्के. त्यांचीही रोवणी तोंडावर, आणि फुकटचा जावई आयता घरात आलेला. बुधवारी लेक धाडत नाहीत, शनिवारी वाट चांगली नाही, अमावास्येचं तर नावच काढायचं नाही. आणि बापाने 'जा' म्हटल्याशिवाय लेकीला घेऊन निघायची रीत नव्हती. सकाळी त्यांच्या बांधीत, धानाच्या चिखलात, वाकायचं, संध्याकाळी आपल्या पऱ्ह्यांचे दिवस मोजायचे.

फास मात्र मीच गळ्यात घालून घेतला. पहिल्याच रात्री जेवताना सासूबाई, म्हणजे कौशल्याबाई, कुरकुरल्या होत्या की मांजर कोठीच्या खोलीत खायच्या धानावरच घाण करते, आणि तिला हाकलावी तर उंदीर मातणार. मी खोटं बोलणाऱ्यातला नाही; खऱ्यात थोडं पाणी घालून वाढवतो इतकंच. म्हणालो, साकोलीत एका साहेबाच्या मांजरीसाठी मी आपोआप चालणारी पेटी केली होती. मांजर बसते, उठते, पेटी सगळं स्वतःच झाकून घेते. नागपूरहून माणसं पाहायला आली होती.

पुंडलिकरावांचा ताटातला हात थांबला. "मंग एक आपल्याइथं बनवा ना, जवाईबुवा. मांजर शिकली का त्याच दिवशी पंचफुलाले घेऊन जा. मी वार पाह्यत नाही."

पंचफुलाने दाराआडून माझ्याकडे असं पाहिलं की पोट भरलेलं असतानाही मी आणखी भात मागितला.

पेटी केली. खाली लाकडी खोका, त्यात फळी, वर गिरणीतल्या भुशाने भरलेला रॉकेलचा डबा, मध्ये दोरी आणि दगड. मांजर फळीवर बसली की दगड वर, उतरली की दगड खाली आणि डबा कलंडून भुसा पडणार. पहिल्या दिवशी भुसा मांजरीच्याच अंगावर पडला. ती आढ्यावर चढली ती संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. मग मी तिला दिवसातून दहादा उचलून पेटीत ठेवायला लागलो.

आता, कोठीची खोली बायकांच्या बाजूला, न्हाणीला लागून. तिकडे जाताना पुरुषाने आधी खाकरायचं, म्हणजे बायका पदर सावरतात. नव्या जावयाने तर जास्तच मोठ्याने. मी दहादा जायचो, दहादा खाकरायचो, मग मांजर उचलायचो. बाराव्या दिवशी ती आपल्या पायांनी पेटीत गेली. सासऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं, पण शब्द दिलेला होता. पंचफुलाने गाठोडं बांधलं.

तेराव्या दिवशी निरोप द्यायला शेजारचे परसराम आले आणि अंगणात खाकरले. कौशल्याबाईंच्या मांडीवर झोपलेली मांजर ताडकन उठली, पळत गेली आणि पेटीत बसली. मग दूधवाला खाकरला, मांजर पेटीत. चार घरं सोडून कोणी म्हातारा खाकरला, मांजर पेटीत. ती पेटी शिकलीच नव्हती, खाकरणं शिकली होती. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस खेपा झाल्या, दोन पोती भुसा संपला, देण्यासारखं काही उरलं नाही तरी बिचारी बसून राहायची. उंदरांच्याही हे ध्यानात आलं. बाहेर कोणी खाकरलं की ते निवांत धानावर यायचे. एक म्हातारा उंदीर तर स्वतःच खाकरायचा. पंचफुला म्हणते असं काही नव्हतं, पण ती तेव्हा विहिरीवर होती.

सासरे खूश झाले. हे काही शिकणं नव्हे, मांजर नीट होईपर्यंत जायचं नाव नको, असं म्हणून त्यांनी गाठोडं स्वतःच्या हाताने सोडलं. पऱ्हे अठ्ठावीस दिवसांचे झाले होते. रात्रभर मला आढ्याचे वासे दिसत राहिले, एक एक करून सगळे मोजून झाले.

तोडगाही त्यांनीच काढला: आपल्या घरी कोणत्याही पुरुषाने खाकरायचं नाही. गावभर निरोप गेला. दोन दिवस सगळे मांजरीच्या पावलांनी येत-जात राहिले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, कौशल्याबाई अंगणात केस धूत होत्या, पदर खांद्यावर, आणि पुंडलिकराव पाहुणे आलेल्या दोन म्हाताऱ्या पुरुषांना घेऊन न खाकरता सरळ आत आले.

पाहुणे गेल्यावर सासूबाई आवाज न चढवता बोलल्या. "तीस वर्षं या घरात डोक्शावरचा पदर ढळू देला नाही. तुमच्या मांजरीपायी आज गेला. उद्या लेक आन जवाई जातीन, आन माणसं खाकरतीन. नाही तं मीच जातो यायच्यासंगं आंधळगावले."

सासरे म्हणाले, उद्या तर बुधवार आहे.

 सासूबाई स्वतःचं लुगडं घडी करून पंचफुलाच्या गाठोड्यात ठेवायला लागल्या.

बुधवारी सकाळीच आम्ही साकोलीची वाट धरली. लुगडं शेवटी बाहेर काढलं गेलं. एसटी दोनदा बदलून दुपारी आंधळगावला पोचलो. बाप बांधीतच होता. पऱ्हे बत्तीस दिवसांचे, शेंडे पिवळे, खाली गाठ धरायला लागलेली. इतके दिवस कायले लागले, एवढंच त्याने विचारलं. मी मांजर, पेटी, खाकरणं, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. उंदीरसुद्धा वगळला.

त्याने पंचफुलाकडे पाहिलं. तिने लुगडं खोचून घेतलं होतं आणि ती चिखलात उतरलीही होती.

"लाव," बाप म्हणाला आणि रोपांची पेंढी माझ्या हातात दिली.