तिरके देठ

व्हर्नाने क्रेटमधलं पहिलं सफरचंद उचललं, दिव्याखाली धरलं आणि होतं तिथे परत ठेवलं. दुसरं उचललं. तेही ठेवलं. मग दोन्ही हातमोजे काढून ती स्टुलावर बसून राहिली.

“अगं, सफरचंदं आहेत ती, अंडी नव्हेत,” समोरच्या टेबलावरून क्लेटन म्हणाला. “काप की.”

तिने सुरीला हात लावला नाही. क्लेटन ओशाळला. नोव्हेंबरपासून तो तिच्याशी जपून बोलत होता, आज सवयीने जुनं तोंड सुटलं होतं. भरपाई म्हणून त्याने बिस्किटांचा डबा तिच्याकडे सरकवला. व्हर्नाने एक काकवीचं बिस्किट घेतलं आणि सगळं खाल्लं. आपण काय खाल्लं, असं कुणी विचारलं असतं तर तिला डब्यात बघून सांगावं लागलं असतं.

बाहेर मे महिना संपत आला होता. खोऱ्यातल्या बागा पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या आणि फंडीच्या आखातावरचं सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर मात्र गेला ऑक्टोबर चालू होता. तेव्हा बंद केलेली साठवणीची खोली काल उघडली होती. अशा खोलीतला प्राणवायू जवळजवळ सगळा काढून घेतात. आतली फळं मग जेमतेम श्वास घेतात, ना पिकतात ना सडतात, नुसती असतात. माणूस आत गेला तर दोन पावलांत कोसळेल, म्हणून दार रात्रभर उघडं टाकून आज सकाळी क्रेट बाहेर काढले होते.

त्यातली फळं लॉर्नच्या बागेतली होती. लॉर्न म्हणजे व्हर्नाचा नवरा. नोव्हेंबरात, सामानाच्या दुकानासमोर गाडी लावून बसल्या जागी तो गेला. इंजिन चालू होतं, हीटर चालू होता, मांडीवर खिळ्यांची पिशवी होती. फोन आला तेव्हा व्हर्ना इथेच, याच टेबलाशी फळं तोलत होती. तिने हातातला क्रेट तोलून पुरा केला, वजनं लिहिली, आणि मग कोट घातला. हे पुढे खोऱ्यात सगळ्यांना कळलं. कुणी नावं ठेवली नाहीत, पण सांगताना आवाज खाली आणत.

त्यानंतर ती रडली नव्हती. चर्चमध्ये नाही, घरी नाही, लॉर्नचे बूट गराजमध्ये ठेवून आली तेव्हाही नाही. या खोऱ्यातली माणसं सांत्वन बोलून करत नाहीत, भांड्यात घालून आणतात. तिचा फ्रीज हिवाळाभर दुसऱ्यांच्या भांड्यांनी भरलेला होता, आणि ती एकेक भांडं रिकामं करून, धुऊन परत देत होती. हॅलिफॅक्सची बहीण दर रविवारी फोन करून विचारायची, “रडलीस का?” आजाऱ्याला पोट साफ झालं का विचारावं तसं. व्हर्ना खरं ते सांगायची. तिला दुःख होत होतं आणि ती ते लपवत होती, असं काही नव्हतं. तिला काहीच होत नव्हतं.

“रोझलिनला बोलाव,” ती आता क्लेटनला म्हणाली.

रोझलिन कोमो या प्रयोगाची प्रमुख. वयाने व्हर्नाहून बरीच लहान, पण दोघींनी इतकी वर्षं एकत्र फळं कापली होती की कोण कुणाची वरिष्ठ, हे फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं. ती हात पुसत आली.

“मी मघाशीच म्हटलं होतं, व्हर्ना. तुला आज हे करायची गरज नाही.”

“तसं नाही. मला ओळखता येतायत.”

“काय ओळखता येतंय?”

“कुठली लॉर्नने तोडली ते.”

क्लेटनने पेन खाली ठेवलं.

प्रयोग लॉर्नच्याच हट्टातून निघाला होता. मागचे काही उन्हाळे पावसाने दगा दिला, तळी आटली, आणि ज्या झाडांना पाणी पुरलं नाही त्यांची फळं बारीक राहिली. खोऱ्यातली फळं साठवून बाजारात पाठवणाऱ्या पॅकहाउसचा माणूस ती घ्यायला तयार नव्हता. “या गोट्या आहेत, लॉर्न. साठवणीत टिकायच्या नाहीत,” असं म्हणून त्याने एका वर्षी ट्रकच्या ट्रक मागच्या ओघळीत ओतायला लावले, आणि आठवडाभर सगळ्या परिसरातली हरणं तिथे पडीक होती. लॉर्नचं म्हणणं उलट होतं. पाण्यावरचं लहान फळ म्हणजे नुसतंच खुरटलेलं, ते नासणार. पण तहानलेल्या झाडाचं लहान फळ आतून घट्ट असतं. ते मेपर्यंत टिकतं, वर गोड असतं, शाळेच्या डब्यात मावतं. टाकून देता कशाला? पॅकहाउसचा माणूस हसला. “मे महिन्यात बघू,” लॉर्न म्हणाला. मग उन्हाळाभर, जेवताना, दात घासताना, झोपताना दिवा मालवता मालवता, “मे महिन्यात बघू.”

त्याने अर्ध्या ओळींना पाणी दिलं, अर्ध्या तहानेवर ठेवल्या. सप्टेंबर अखेर दोन्हींतली एकाच मापाची लहान फळं तोडून केंद्रात आणून दिली. तिथे प्रत्येक फळावर आकडा चिकटवून ती मिसळली होती, आणि कुठला आकडा कुठल्या ओळीचा, ही यादी फक्त रोझलिनकडे होती. आणखी दोन बागांची फळं गेल्या आठवड्यात तपासून झाली होती. एकीचा निकाल लॉर्नच्या बाजूने लागला होता, एकीचा विरुद्ध. पॅकहाउसवाले या तिसऱ्याची वाट बघत होते.

“कशावरून ओळखलंस?” रोझलिनने विचारलं.

व्हर्नाने दोन फळं शेजारी ठेवली. या जातीची साल नाजूक, देठ लांब राहिला तर शेजारच्या फळात घुसतो, म्हणून तोडतानाच तो कातरतात. एका फळाचा देठ सपाट कातरलेला होता. दुसऱ्याचा तिरका.

“पाण्यावरच्या ओळी डेलरॉयने तोडल्या,” ती म्हणाली. डेलरॉय दर हंगामाला जमैकाहून यायचा. “पॅकहाउसने दिलेल्या कात्रीने. सरळ. तहानेवरच्या ओळींना लॉर्न कुणाला हात लावू देत नव्हता. आणि त्याच्याकडे त्याच्या आईची गुलाबाची कात्री. गुलाबाचा दांडा तिरका कापायचा म्हणजे पाणी साचत नाही, असं आईने शिकवलेलं. मी म्हणायची, अरे, सफरचंदाच्या देठावर कुठलं पाणी साचतंय?”

“मग काय म्हणायचा?”

“काही नाही. कापायचा तिरकं.”

रोझलिन स्टूल ओढून बसली. तिरकं म्हणजे तहानेवरचं, सरळ म्हणजे पाण्यावरचं. हे माहीत असलेल्या माणसाने फळ किती नासलंय याचे गुण द्यायचे, तर त्या गुणांना काही अर्थ नव्हता. तो माणूस मुद्दाम काही करणार नाही. पण डोळा करतो. पुसटसा डाग असला तर एकाच्या वाट्याला शून्य, दुसऱ्याच्या वाट्याला एक.

“क्लेटनला बसवता येणार नाही,” ती म्हणाली.

“माझ्या डोळ्यांना हिरवं आणि तपकिरी एकच,” क्लेटन म्हणाला. “मी लग्नाला कुठल्या रंगाचा सूट घालून गेलो होतो ते लोक अजून सांगतात.”

“आणि मी बसले तर आधीच्या दोन बागांशी जुळणार नाही. त्या तुझ्या डोळ्यांनी तपासल्यात.” रोझलिनने क्रेटकडे पाहिलं. “हे सोडून द्यावं लागेल. पुढच्या वर्षी पुन्हा.”

पुढच्या वर्षी लॉर्नच्या बागेत कोण असेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाग विकायला काढायची का, हे विचारणारी माणसं दोनदा येऊन गेली होती.

“देठ कापून टाकू,” व्हर्ना म्हणाली. “सगळे. बुडापासून. मग तू जुने आकडे काढून नवे चिकटव, सगळी मिसळ, आणि मग माझ्यापुढे ठेव. मला काही कळणार नाही.”

“व्हर्ना.”

“कळणार नाही. देठ सोडून मला ओळखू येईल अशी दुसरी कसली खूण नाही त्यांच्यावर.”

“मग क्लेटनला कापू दे देठ.”

“क्लेटन साल दुखवेल,” व्हर्ना म्हणाली, आणि तिने ड्रॉवरमधून बारीक कात्री काढली.

ती कापत बसली. फळ डाव्या तळहातात, अंगठ्याने खळगी मोकळी करायची, कात्रीचं टोक आत घालायचं, दाबायचं. देठ ताटलीत पडायचा. सरळ, सरळ, तिरका, सरळ. तिरका. रोझलिन दारात उभी राहून बघत होती आणि मग बघवेना म्हणून निघून गेली. व्हर्नाला मात्र काही जड जात नव्हतं. या प्रत्येक फळाला लॉर्नचा हात लागलाय असा विचार तिने करून पाहिला, मुद्दाम, दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहावी तसा. दात दुखला नाही. फळं गार होती आणि बोटं बधिर झाली होती, एवढंच.

शेवटचा देठ पडला. टेबलावरची सगळी सफरचंदं एकसारखी दिसत होती.

रोझलिनने ती आतल्या खोलीत नेली, आकडे चिकटवून, मिसळून, ट्रेमध्ये भरून परत आणली. दुपारभर व्हर्ना कापत होती. कमरेत आडवं कापायचं, दोन अर्धुकं दिव्याखाली धरायची, गर बघायचा.

“शून्य,” ती म्हणायची. क्लेटन लिहायचा. “शून्य. दोन. शून्य. तीन.”

तीन म्हणजे बाहेरून लालबुंद, आणि आत बियांपासून सालीपर्यंत तपकिरी. कापलेलं फळ डुकरांसाठी ठेवलेल्या पिंपात जायचं. मधे क्लेटनने कॉफी आणली, ती तिच्याजवळ निवत राहिली. एकदा एक अर्धुक तिने बराच वेळ दिव्याखाली धरलं. गराच्या कडेला पिवळसर सावली होती. डाग म्हणावा तर होता, नाही म्हणावं तर नव्हता. हे कुणाचं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिने सवयीने खळगीकडे पाहिलं. खळगी रिकामी होती.

“एक,” ती म्हणाली.

संपलं तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलाच्या पायापर्यंत सरकलं होतं. व्हर्ना सुऱ्या धुवायला लागली. रोझलिन क्लेटनचे कागद घेऊन संगणकापुढे बसली आणि एकेक आकडा भरत गेली. क्लेटन तिच्या मागे उभा राहिला, जणू त्याला पडद्यावरचं काही समजणार होतं.

“पाण्यावरची,” रोझलिन थोड्या वेळाने म्हणाली, “निम्म्याहून जास्त आतून गेलीत.”

नळ चालू होता. व्हर्नाने तो बंद केला.

“आणि तहानेवरची?” क्लेटनने विचारलं.

रोझलिनने पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. “जवळजवळ सगळी स्वच्छ. कुठे एखादा एक, कुठे एखादा दोन. तीन एकही नाही.” ती वळली. “व्हर्ना, लॉर्न बरोबर होता.”

“झालं!” व्हर्नाने ओले हात वर फेकले. “संपलंच मग! आता हा माणूस मला सुखाने चार घास खाऊ देणार नाही. उठताबसता, मी काय म्हटलं होतं? मी काय म्हटलं होतं? आधी त्या पॅकहाउसवाल्याच्या दारात जाऊन बसेल, मग चर्चमध्ये पाद्र्यालाही सांगेल. वर्षभर ऐका आता!”

ती हसत होती. क्लेटनही हसला, चांगला मोठ्याने, आणि मग त्याचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. रोझलिन पडद्याकडे वळली. तिथे आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती बघत राहिली.

शीतकपाटाची मोटर चालू झाली, थोडी घरघरली आणि बंद पडली.

व्हर्नाचे हात अजून वरच होते. तिने ते खाली आणले आणि एप्रनला पुसले. मग पुन्हा पुसले. काहीतरी करायला हवं म्हणून तिने टेबल आवरायला घेतलं, आणि देठांची ताटली तिच्या हातात आली. ती पिंपात उपडी करायची, एवढंच काम होतं. ती ताटली घेऊन पिंपापर्यंत गेली आणि तशीच माघारी येऊन स्टुलावर बसली.

देठ बुडाशी तिनेच कापले होते, सगळे एकसारखे. पण दुसरं टोक जसंच्या तसं होतं.

तिने एक देठ उचलला, पाहिला आणि बाजूला ठेवला. दुसरा पाहून दुसरीकडे ठेवला. तिसरा तिने दिव्याखाली धरला, डोळ्यांजवळ आणला, लांब नेला. खोऱ्यातला सगळ्यात पक्का डोळा म्हणून नाव होतं तिचं. पण तिसरा सरळ होता की तिरका, हे तिला काही केल्या दिसेना. तिने मनगटाने डोळे पुसले. ते लगेच पुन्हा भरले.

क्लेटनने आपलं स्टूल ओढत आणलं आणि तिच्या शेजारी टेकवलं.

“सरक जरा,” तो म्हणाला. “रंग कळत नाही मला. तिरकं कळतं.”