घड्याळ स्वतःशीच ताडून पाहिलेलं

शहर आणि टेकडीमधले फोन मध्येच तुटत होते. टेकडीवरच्या टेलिफोन केंद्राची प्रमुख वहिनी. शहरातल्या मुख्य केंद्रात यंत्रांच्या मोजमापाचं काम तिच्या नणंदेकडे. सगळी यंत्रं एका ठेक्यात चालावीत म्हणून प्रत्येक केंद्रात एक घड्याळ असतं. त्याला काटे नसतात, ते नुसते ठोके देतं. कुणाचे ठोके चुकताहेत, एवढंच शोधायचं होतं.

नणंदेने आपल्या घड्याळाला, त्याचे ठोके दुसऱ्या ठोक्यांशी ताडून पाहणारा मापक जोडला. पडद्यावर सरळ रेघ, जराही न हललेली, म्हणजे ठोके बिनचूक. बैठकीत तिने ती मिरवलीच.

"आमचं घड्याळ चोख आहे. दोष वरच्या केंद्राचा."

साहेबांनी वहिनीला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. त्या रात्री घरी नणंदेसमोर जेवताना वहिनी फक्त पाणी मागण्यापुरती बोलली, तेही नवऱ्याशी.

दुसऱ्या दिवशी मापक काढताना नणंदेचा हात थबकला. तुलनेसाठी मापकाला दिलेल्या ठोक्यांची वायर त्याच घड्याळातून आली होती. घाईघाईत तिनेच खोचलेली. घड्याळ स्वतःशीच ताडून पाहिलं होतं; रेघ सरळ येणार नाही तर काय! उपग्रहाकडून येणाऱ्या ठोक्यांशी तिने पुन्हा मोजलं. रेघ तिरकी चढत गेली. तिचे कान तापले.

तिने सांगितल्यावर साहेब म्हणाले, "होतं असं. घड्याळाचं कार्ड बदला, विषय संपला."

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, चूक माझी होती. साहेबांना सांगितलंय मी."

"कुठे?"

"केबिनमध्ये."

"दार लावून?"

नणंदेने मान डोलावली.

"मला चारचौघांत ऐकावं लागलं, वन्सं. माझ्या हाताखालची माणसं अजून नजर चुकवतात."

पुढच्या बैठकीत नणंद कुणी न विचारताच उभी राहिली. तिने दोन्ही रेघा भिंतीवर दाखवल्या, वायर कुठे खोचली होती तेही सांगितलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिने त्याला हसू दिलं. साहेबांनी घसा खाकरला आणि वहिनीकडे न बघता पुटपुटले, "तुम्हाला उगाच बोललो."

बाहेर जिन्यात वहिनी थांबली. "आमचंही घड्याळ मोजून जा एकदा. वायर मात्र मी लावेन."

ती थट्टा होती की टोमणा, नणंदेला कळेना. "येते," एवढंच ती म्हणाली. वहिनीच्या तोंडाकडे बघायचं धाडस तिचं झालं नाही.