शेवटचं पीप

फोन आला त्या सकाळी रेमों तळघरात अंडी फोडत होता. शातो मोरिन्याक या द्राक्षमळ्याची लाल वाइन बाटल्यांत भरण्याआधी प्रत्येक पिपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालायचा, ही तिथली जुनी रीत. बलक गाळ घेऊन तळाशी बसतो आणि वाइन निवळते. पिवळा बलक सोलांजचा, त्याच्या बायकोचा. ती निळ्या पातेल्यात तो घरी न्यायची आणि संध्याकाळी तळघरातल्या सगळ्यांसाठी केक भाजून आणायची.

त्या दिवशी ती तपासणीसाठी बोर्दोला गेली होती. तळघरातला त्याचा जोडीदार बास्तियाँ जिना उतरून आला तो टोपी हातात धरून. इतक्या वर्षांत त्यानं कामावर टोपी काढलेली रेमोंनं पाहिली नव्हती.

"दवाखान्यातून फोन होता," तो म्हणाला. पुढचं रेमोंला कळलं.

बलक घालायचं एकच पीप राहिलं होतं. ते तसंच राहिलं.

तिला पुरून महिना होत आला तेव्हा मालकीणबाई खाली आल्या. "रेमों, या आठवड्यात बलक घातला नाही, तर ते पीप व्यापाऱ्याला द्यावं लागेल. मग त्यावर आपलं नाव लागणार नाही."

"घालतो, बाई."

त्या द्राक्षांच्या तोडणीला सोलांज होती. तिची शेवटची तोडणी. ती वाइन बिननावाची जावी, असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

"मी घालू का?" बास्तियाँनं विचारलं.

"तू? निम्मी टरफलं पिपात जातील."

"चला, तोंड तर उघडलंस म्हाताऱ्या!"

रेमोंनं अंडं फोडलं. पांढरा बलक वाडग्यात सोडला आणि सवयीनं डावीकडे हात नेला. तिथं पातेलं नव्हतं. ते घरी, तिनं धुऊन पालथं घातलं होतं तसंच होतं.

"मोरीत टाक की," बास्तियाँ म्हणाला.

"सोलांजचा बलक? मोरीत?"

"मग घरी ने. ऑम्लेट कर."

"एकट्याला किती लागतं रे?"

बास्तियाँनं टोपी सारखी केली आणि तो दुसऱ्या कामाला लागला. रेमोंनं टरफलातल्या पिवळ्या बलकाकडे पाहिलं. मग तोही वाडग्यातल्या पांढऱ्यात ओतला. आता तो पिपात घालण्याजोगा उरला नव्हता. त्यानं उरलेली अंडी वर नेऊन ठेवली.

व्यापाऱ्याची गाडी शुक्रवारी येणार आहे. शेवटच्या पिपात अजून बलक घातलेला नाही.