देवीनं दिलेली भिंत

काशीराम सारंगानं घर बांधण्याआधी गावदेवीला सगळं विचारून घेतलं होतं. जागा कुठली, पाया कधी, दार कुठल्या अंगाला, स्वयंपाकघर कुठं. धाकू गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावून गाऱ्हाणं घालायचा. उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. देवीनं दर खेपेला उजवा कौल दिला. मग आणखी कुणाला विचारायचं राहिलंय, हे काशीरामच्या मनातही आलं नाही. सारी हयात आगबोटीवर गेलेली; रत्नागिरीत बांधायला म्युनिसिपालिटीची परवानगी लागते आणि राहायला जाण्याआधीही घर दाखवावं लागतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. कुणी सांगितलं असतं तरी तो म्हणाला असता, ती काय देवीपेक्षा मोठी?

घर पाहावं बांधून, म्हणतात ते उगाच नाही. चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, वास्तुशांत ठरली आणि ओव्हरसियर फीत घेऊन दारात हजर. माणूस वाईट नव्हता. त्यानं मापं घेतली आणि शांतपणे सांगितलं, की स्वयंपाकघराची भिंत विहिरीच्या सार्वजनिक वाटेवर आली आहे. ती मागं घ्या, नवा नकाशा जोडून अर्ज करा. पावसाच्या आत केलं नाहीत तर म्युनिसिपालिटी पाडील, आणि परवानगी येईतो घरात चूल पेटवायची नाही.

माणसानं घातलेली भिंत काशीरामनं हलवली असती. देवीनं दिलेली कशी हलवायची? त्यानं घराला कुलूप घातलं आणि बसून राहिला. खरं तर तो निव्वळ हट्ट होता, पण त्याला भक्ती म्हटलं की बरं दिसतं.

हाल झाले ते बायकोचे. वाटणीत काशीरामच्या वाट्याला घर आलंच नव्हतं, त्यामुळे यमुनाबाईनं सारा संसार माहेरी, भाऊ भागोजीच्या घरी काढलेला. भावजयीचं आटोपलं की मग हिची भाकरी तव्यावर पडायची. नव्या घरासाठी तिनं भांडी बांधून ठेवली होती. आता लागेल तसं एकेक भांडं ती गाठोड्यातून परत काढू लागली.

वैशाख सरत आला तेव्हा काशीराम पुन्हा देवीकडे गेला. भिंत पाडू का, एवढंच विचारायचं होतं. गुरव गाऱ्हाणं घालून घालून थकला, पण उजवी पडेना की डावी पडेना. शेवटी तो म्हणाला, सोमवारी या.

घरी येऊन काशीरामनं ते सांगितलं. यमुनाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"देवीला इचारलात. ती बोलली नाय, तर पुन्ना इचारणार. सायबानं अडवलान, आता त्यालाबी इचाराल. त्या इहिरीचा पानी मी सारा जलम वाहिलाय. वाट कुटनं जाते ता मना ठावं होता. मना कुनी इचारलान नाय."

सोमवारी काशीराम देवळात गेला नाही. केरू गवंड्याला बोलावून त्यानं भिंत उतरवली. ओव्हरसियर येऊन वाट मोकळी झालेली पाहून गेला, आणि अर्जासाठी नकाशा काढणारा आला. त्यानं विचारलं, चूल कुठं दाखवू?

काशीरामनं त्याला थांबवलं आणि जाऊन यमुनाबाईला घेऊन आला. लग्न झाल्यापासून ती कधी नवऱ्याच्या बरोबरीनं चालली नव्हती. आजही दोन पावलं मागंच होती.

"चूल कुटं मांडायची?" त्यानं तिला विचारलं.

उतरवलेल्या चिऱ्यांच्या मधोमध यमुनाबाई उभी राहिली. भावजयीच्या चुलीत काय काय खोट आहे, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. आपली चूल कुठं असावी, एवढा विचार तिनं कधी पुढं नेलाच नव्हता. तिला रडू आलं, आणि परक्या माणसापुढं ते आलं याचा रागही आला.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "आज नाय सुचत."

काशीरामनं नकाशावाल्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.