शंभर टक्के हजेरी

जगातली सगळी थोर राष्ट्रं वेळेवर शाळेत पोचलेल्या मुलांनी घडवली आहेत, असं मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टा म्हणाल्या, तेव्हा साडेनऊच्या पालकसभेला सव्वाअकरा वाजले होते. प्रमुख पाहुण्यांची गाडी यायची होती. ती आली, पाहुणे वक्तशीरपणावर पाऊण तास बोलले, आणि सिस्टर जे नियम समजावून सांगणार होत्या ते राहूनच गेले. "सगळं डायरीत छापलंय. वाचा आणि सही करा," म्हणून सभा उठली. वडे गार झाले होते.

बारामतीच्या त्या मिशनच्या शाळेचं फाटक सात पन्नासला बंद होतं. सात एक्कावन्नला कलेक्टरचं पोर आलं तरी बाहेर. पण सभेत पालकांच्या डोक्यात शिरलं ते एकच: जे मूल वर्षभर एकही दिवस चुकणार नाही आणि एकदाही उशिरा येणार नाही, त्याचं नाव पोर्चमधल्या फळ्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं जाईल. त्या फळ्यावर चार वर्षांत तीन नावं होती. तिन्ही मुलं शाळेच्या भिंतीला लागून राहणारी.

कऱ्हाटीच्या रणजितनं ते ऐकलं आणि त्याची मुलगी छकुली, सहावीतली, त्या फळ्यावर चढवायचीच असं ठरवलं. म्हणजे ठरवलं रणजितनं, राबले त्याचे वडील तात्याबा. वस्ती ते फाटा दीड किलोमीटर. सातची व्हॅन गाठायला तात्याबा साडेसहालाच नातीला लुनावर बसवून फाट्यावर हजर. लुना बंद पडली तर दप्तर खांद्यावर टाकून चालत. एकदा व्हॅनच आली नाही, तर म्हाताऱ्यानं दुधाचा टेम्पो आडवा होऊन थांबवला आणि पोरगी कॅनच्या मध्ये बसून सात अठ्ठेचाळीसला फाटकात. वास दिवसभर येत होता, पण हजेरी लागली.

"आबा, माझं नाव लागल्यावर तुमी बघायला याल ना?" छकुली विचारायची.

"येईन की. पर मला वाचता कुठं येतंय? तू बोट लाव, मी बघतो."

एप्रिलपर्यंत दोनशे अकरा दिवसांपैकी दोनशे दहा झाले. एक राहिला. त्या दिवशी पहाटे पाचला तात्याबा गेले. चहा मागितला आणि यायच्या आत गेले.

कुशाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हंबरडा फोडायला तोंड उघडलं तसा रणजित आडवा आला. "आये, थांब. छकुली उठंल."

"आरं, तुझा बाप गेला!"

"म्हाईत हाय. पर एकच दिवस राहिलाय. आबांनी वर्षभर हाडं झिजवली. त्यांनाच वाईट वाटंल."

कुशाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "व्हॅन किती वाजता जाती?"

"सातला."

"तवर मी काय करू?"

 कुशाबाईंनी पदर तोंडात घातला.

मयताची बातमी आमच्याकडं फोनच्या आधी पोचते. सहाला माणसं यायला लागली. रणजितनं एकेकाला अंगणाबाहेरच अडवून गोठ्यामागं उभं केलं. साडेसहाला गोठ्यामागं तीस-चाळीस माणसं टोप्या हातात घेऊन, म्हशींच्या शेपट्या चुकवत, दुःख दाबून उभी होती. छबूबाई रडण्यात गावात पहिली. तिच्या तोंडावर सुनेनं हात धरला होता. माणसं कुजबुजत होती तीही हजेरीबद्दलच.

आत रणजितच्या बायकोनं, सुप्रियानं, लेकीची वेणी घातली. एरवी ती वेणी घालताना दहा सूचना करते, त्या दिवशी एकही केली नाही.

"आबा कुठंयत?" छकुलीनं विचारलं.

"कणकण हाय त्यांना. निजल्यात. सर्जेरावकाका सोडतील तुला."

छकुली आतल्या खोलीच्या दाराशी गेली. तात्याबांना गळ्यापर्यंत चादर घातली होती. "आबा, निघाले," ती म्हणाली, आणि झोपमोड नको म्हणून हळू म्हणाली.

शेजारच्या सर्जेरावांनी तिला फाट्यावर सोडलं. व्हॅन दिसेनाशी झाल्यावर त्यांनी फोन केला, "गेली." आणि वस्तीवर सात वाजून तीन मिनिटांनी रडणं सुरू झालं.

रणजितचा हिशोब साधा होता. छकुली अडीचला परत येणार, तोपर्यंत माती थांबवायची. पण भावकीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तात्याबांची थोरली लेक इंदापूरहून साडेदहाला आली, तिनं तोंड बघितलं, आणि भावकी उठली.

"नात येऊ द्या की," सर्जेराव म्हणाले. "लेकीसाठी थांबलासा, तसं..."

"ऊन बघितलं का, सर्जेराव? अकरा म्हंजी अकरा," भावकीतला एक जण म्हणाला.

अकराला तिरडी उचलली. आमच्या गावात लग्न, ग्रामसभा, एसटी, काहीही आजवर ठरल्या वेळेला झालेलं नाही. तात्याबा तेवढे वेळेवर गेले.

अडीचला छकुली आली. अंगणात ओल्या केसांची माणसं बसली होती, चूल विझलेली होती, शेजारून भाकरीची टोपली आली होती.  तिनं आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन पाहिलं, आणि दप्तर न काढता उंबऱ्यावर बसली. जेवलीही तशीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर बेनेडिक्टा आल्या. व्हॅनवाल्याकडून कळलं होतं. कुशाबाईंचा हात धरून बसल्या, मग रणजितला म्हणाल्या, "काल तिला का पाठवलंत?"

"एकच दिवस राहिला हुता, सिस्टर. हजेरी मोडली असती."

सिस्टरांनी छकुलीच्या दप्तरातली डायरी काढली, पान चौदा उघडलं आणि इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, "घरात मृत्यू झाल्यास तीन दिवस गैरहजेरी धरली जाणार नाही. पालकांची चिठ्ठी पुरे." खाली सही होती. "ही तुमची ना?"

"व्हय."

"वाचलं नव्हतंत?"

"सही मागितली हुती, ती केली." रणजितनं डायरी हातात घेतली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. "चिठ्ठी... एक चिठ्ठी?"

"मी सभेतच सांगायला हवं होतं," सिस्टर म्हणाल्या.  त्यांनी छकुलीला जवळ बोलावलं. "बाळा, शाळेला तुझा अभिमान आहे. सोमवारी पेंटर येईल. नाव कसं लिहायचं सांग, आजोबांचंही घालू आपण."

छकुलीनं रणजितच्या हातातली डायरी काढून घेतली, बंद केली आणि सिस्टरांच्या मांडीवर ठेवली.

"सिस्टर," ती म्हणाली, "कालची माझी ॲबसेंटी लावा ना."