सात नंबर म्हणतोय बावन्न

मी सात नंबर. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला, खिडकीकडून दुसरा. जरा दमाने ऐका. मला सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात मुली दोनदा बटण दाबून मला पुन्हा पहिल्यापासून उठवायच्या.

आधी मी एका कचेरीत होतो. तिथले कारकून माझ्यावर पत्रं टाइप करायचे आणि जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळायचे. नवी मशीन आली तेव्हा आम्हा दहाजणांना शाळेला देऊन टाकलं. शाळेत आम्हाला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून शिवणाच्या बाईंना आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. बाई स्वभावाने चांगल्या. पण प्रोग्रॅमही त्या कापडावर नमुना उतरवावा तसा वहीतून फळ्यावर उतरवायच्या.

माझ्यापुढे एका वेळी तिघी बसायच्या. एक वाचून सांगायची, एक टाइप करायची आणि तिसरी तास कधी संपतो ते बघायची. मी जेमतेम उत्तर देतोय तोवर घंटा व्हायची. तसंही ते वाचायचं होतं कुणाला? मोठ्या बहिणीच्या जुन्या जर्नलमधून ते आधीच उतरवलेलं असायचं. नऊ वर्षं मी भिंतीशी बोलत राहिलो. थकलो हो.

त्यात एक प्रोग्रॅम होता, पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढायचा. साठ, सत्तर, ऐंशी, पन्नास, नव्वद. जर्नलमध्ये सगळ्याजणी उत्तर लिहायच्या सत्तर. मी दरवर्षी सांगायचो, बावन्न.

यंदा एका मुलीने ते वाचलं. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून वर्ग तिला ढापणी म्हणतो. तिने कागदावर गणित केलं, सत्तर आलं. मला तीनदा चालवलं, मी तीनदा बावन्नच म्हणालो. तिने जर्नलमध्ये बावन्न लिहिलं आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

जर्नलवर सही घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. बाई म्हणाल्या, सात नंबर खराबच आहे, तू सत्तर लिही आणि मोकळी हो. मला लागलं ते. खराब मी होतोच, पण बेरजेत कधी चुकलो नव्हतो.

"बाई, मी तीन नंबरवर पाहिलं, एक नंबरवरही पाहिलं," ढापणी म्हणाली. "सगळीकडे बावन्नच येतंय. मग सत्तर कशाचं लिहू?"

बाई चिडल्या. वर्ष वाया घालवायचंय का, म्हणून विचारलं. मुलगी रडकुंडीला आली, पण पेन काही उचलेना. शेवटी बाईंनीच स्टूल ओढलं आणि माझ्यापुढे बसल्या. ढापणीने एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे मला सांगितलं होतं, एकपासून सुरू कर आणि आकडा पाचापेक्षा कमी असेल तोवरच गुण मिळवत जा. म्हणजे मी चारच विषय धरायचो आणि भागायचो मात्र पाचाने. शेवटचे नव्वद मला कुणी घेऊच दिले नव्हते.

बाईंनी ती ओळ स्वतःच्या वहीशी ताडून पाहिली. चूक गुपचूप सुधारली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण दुसऱ्या दिवशी त्या वर्गापुढे उभ्या राहिल्या.

"हा प्रोग्रॅम नऊ वर्षं मी चुकीचा लिहून देतेय," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या जर्नलवर न वाचता सह्या केल्यात. त्या सगळ्या मी खोडणार आहे. मुदत वाढवून घेतलीय, प्रोग्रॅम चालवून पुन्हा लिहा. आज सही मिळेल ती फक्त एकीला."

वर्ग कुरकुरला, ढापणीवर डाफरला. बाईंनी तिच्या बावन्नखाली तारीख घालून सही केली. त्यांचे डोळे भरले होते, हे एवढ्या जवळून मलाच दिसलं.

सुट्टीत माझ्या आत काहीतरी जळालं. आता मी अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांवर आडवा पडलोय. उद्या भंगारवाला येणार म्हणतात. येऊ दे. एकच मागणं आहे, मुलींनो. नव्या मशीनपुढे बसाल तेव्हा ते काय म्हणतंय ते वाचा. पटलं नाही तर त्याच्याशी खुशाल भांडा. पण त्याच्या तोंडी आपलं उत्तर घालू नका.