टेबलावरची लोकर

तेव्हा डीएनएचे फोटो कागदावर छापून यायचे आणि ते मोजायला प्रयोगशाळेत एक बाई होत्या. सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणत. फोटोतला दोऱ्यासारखा रेणू थोडा पुढे गेला की त्याची दिशा किती बदलली, ते कोनमापक लावून लिहायचं. दोरा जितका ताठ, तितक्या लांबवर त्याला आपली दिशा आठवते. त्या अंतरावरून ताठपणा कळतो, असं प्रयोगशाळेच्या सरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

तीन महिन्यांत बाईंनी आठशे फोटो हातावेगळे केले. उत्तर आलं शंभर नॅनोमीटर. आणि बाकीच्या सगळ्या प्रयोगशाळांना मिळत होते पन्नास!

"बाई, चष्म्याचा नंबर वाढला का हो?" हिशेब करणारा सरांचा विद्यार्थी म्हणाला. त्याला सगळे पंडित म्हणत.

"नंबर वाढला असता तर कसंही वेडंवाकडं आलं असतं. नेमकं दुप्पट कसं येईल रे?"

"सूत्र तर पुस्तकातलं आहे. सोमवारपासून सगळं पुन्हा मोजायचं, सर म्हणालेत. दुसऱ्या कोणाकडून तरी."

फोटोंचं काही नाही, पण आपल्या हातावरचा विश्वास उडाला, हे बाईंना फार लागलं.

रविवारी त्या विणायला बसल्या, पण टाके सुटत होते.

"आई, टेबलावरची लोकर उचल ना, जेवायचंय," लेक म्हणाली.

बाईंनी लोकरीचं टोक धरून उचललं. टेबलावर निमूट पडलेली लोकर हवेत चहूकडे वळवळली. बाई तशाच बघत राहिल्या.

"आई, अगं भात गार होतोय!"

सोमवारी त्यांनी पंडितला दारातच गाठलं.

"फोटोत रेणू कसा असतो?"

"सपाट. काचेसारख्या पृष्ठभागावर पडलेला."

"आणि तुझ्या सूत्रातला?"

"पाण्यात, मोकळा..." पंडित मध्येच थांबला.

"पाण्यात त्याला वरखालीही वळता येतं. पृष्ठभागावर नुसतं डावंउजवं. वळायच्या वाटाच कमी, मग दिशा जास्त लांब टिकणारच की!"

पंडितने खडू उचलला आणि सूत्र सपाट पडलेल्या दोऱ्यासाठी नव्याने मांडलं. दहा मिनिटांनी फळ्यावर पन्नास उमटले. फळा बघायला आलेले सर खो खो हसले. "बाई, फोटो तुमच्याकडेच राहू द्या."

पंडित मात्र कानापर्यंत लाल झाला होता. त्याने चहा आणून बाईंपुढे ठेवला.

"साखर किती घातलीस?"

"दोन चमचे."

"मला एकच लागते," बाई म्हणाल्या आणि चहा आवडीने प्यायल्या.